क्लिप बसेपर्यंतची मिनिटे

मेंदूच्या तळाशी धमन्यांचे जे कडे असते, त्यात एका धमनीच्या दोन शाखा फुटतात त्या बेचक्यात रक्ताचा मारा बसून भिंत झिजते आणि फुगा येतो. यालाच ॲन्युरिझम म्हणतात. तो फुटला की रक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरते, डोक्यात घण बसल्यासारखी कळ येते, उलट्या होतात, मान ताठते आणि कित्येकदा शुद्ध हरपते. फुटल्या जागी गुठळी धरते खरी, परंतु ती निसटून पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या 24 तासांत सर्वाधिक असल्याने सर्जनच्या कसबाचा हिशेब या 24 तासांपासूनच सुरू होतो.

हे 24 तास दूरच्या गावांत मात्र सहज निसटतात. मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यातील गंधवानी ही भिल-भिलाला वस्तीची तहसील असून तेथून इंदूर रस्त्याने 100 किलोमीटरांहून दूर आहे. अशा ठिकाणी ही कळ ऊन लागले, पित्त चढले या नावांखाली सहज खपून जाते. मद्रासचे न्यूरोसर्जन बी. राममूर्ती यांनी 1969 मध्ये भारतात हा विकार कमी आढळतो असे नोंदवले होते. तथापि ती संख्या आजाराची होती की रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांची, हा प्रश्न गंधवानीच्या संदर्भात आजही बोचतो.

शस्त्रक्रियेतील नेहमीचे टप्पे, म्हणजे भूल, कवटीची झडप काढणे आणि मेंदूच्या दोन खंडांमधील फट उघडणे, ठरल्या क्रमाने होतात. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते ते मात्र सरावलेल्या डोळ्यालाही थबकवणारे असते: लालसर-जांभळा, जागोजागी भिंत पातळ झालेला आणि नाडीबरोबर धडधडणारा फुगा. त्याच्या मानेवर टायटॅनियमची चिमुकली क्लिप बसवायची, एवढेच उद्दिष्ट असते. पण फुगा 25 मिलिमीटरांचा, म्हणजे सुपारीएवढा असेल, मान रुंद किंवा चुन्यासारखी कडक झाली असेल, अथवा मेंदूला पोसणारी शाखाच त्याच्या अंगातून निघत असेल, तर क्लिप घसरते किंवा शाखा आवळली जाते. अशा वेळी मूळ धमनीवर तात्पुरती क्लिप लावून फुगा मऊ करतात, आणि भूलतज्ज्ञ मिनिटे मोठ्याने सांगू लागतो. शक्यतो 10 मिनिटांच्या आत रक्त पुन्हा सुरू करावे लागते. म्हणून दोन, तीन, चार असा तो संथ आवाजच त्या खोलीतील खरा अंमलदार ठरतो. हेही न साधल्यास कानशिलावरील धमनी मेंदूतील धमनीला जोडून रक्ताला वळणमार्ग देतात आणि मगच फुगा बंद करतात.

अमेरिकी न्यूरोसर्जन वॉल्टर डँडी यांनी 23 मार्च 1937 रोजी चांदीच्या क्लिपने पहिला फुगा बंद केला, तर सूक्ष्मदर्शकाचे तंत्र 1967 पासून झुरिचमध्ये यासारगिल यांनी रुळवले. पुढे जांघेतून नळी नेऊन फुगा तारेच्या वेटोळ्यांनी भरण्याची, म्हणजे कॉइलिंगची, पद्धत आली आणि 2002 च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वर्षअखेर मृत्यू किंवा परावलंबन क्लिपच्या गटात 30.6 टक्के, तर कॉइलच्या गटात 23.7 टक्के आढळले. मात्र तपासलेल्या 9,559 रुग्णांपैकी 2,143 जणांचीच या तुलनेसाठी निवड झाली होती, हे सांगण्याचे बहुधा राहून जाते. सोपे फुगे कॉइलकडे जात असल्याने सर्जनच्या वाट्याला अवघडच उरतात आणि हात बसण्यासाठी लागणारे सोपे मिळेनासे होतात. ही अडचण कॉइलच्या कौतुकात झाकली जाते.

क्लिप बसली तरी धमन्या आकसण्याचे भय दोन आठवडे राहते; त्यासाठी निमोडिपिन हे औषध 21 दिवस देतात. तरीही भूलतज्ज्ञाची ती मिनिटे ऐकताना मन मागे, रुग्णालय गाठण्याआधीच्या न मोजलेल्या तासांकडे वळते. सीटी स्कॅनमध्ये पसरलेले रक्त पहिल्या 6 तासांत जवळजवळ हमखास दिसते, पुढे ते विरत जाते. म्हणून क्षणात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी झाल्यास पित्ताची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये, रुग्णाला त्याच रात्री इंदूरच्या वाटेला लावावे.