मोकळ्या सकाळचा जमाखर्च

पुणे शहराने आठवड्याचे सातही वार जमिनीवर आखून ठेविले आहेत. सोमवारापासून रविवारापर्यंत प्रत्येक वाराची एकेक पेठ येथे वसली आहे. जुन्या वेताळ पेठेचे नावदेखील पुढे गुरुवार पेठ झाले. ज्या नगरात वारांस इतका मान, त्याच नगरात एखाद्या वाराची निदान एक सकाळ आपल्या मालकीची आहे असे छातीला हात लावून सांगणारे गृहस्थ मात्र थोडेच. शनिवार पेठेतील वकील, कारकून, शिक्षक, दुकानदार, कोणासही विचारा. ‘वेळ नाही’ हे उत्तर ठरलेले. आणि सुटीच्या दिवशी वेळ खरोखरच हाती येतो तेव्हा त्याचे काय होते? आठ वाजेपर्यंत अंथरूण, दहा वाजेपर्यंत चहा आणि मोबाइल, आणि दुपारी जेवताना ‘आज काहीच झाले नाही’ हा उद्गार! विषय क्षुल्लक दिसतो खरा. पण तो तसा नाही, असे आमचे मत आहे.

पहिली गोष्ट ही की, मोकळी सकाळ आकाशातून पडलेली नाही. ती भांडून मिळविलेली आहे. सरकारी कचेऱ्यांस रविवार होता त्या काळी मुंबईच्या गिरणीतील मजुरास आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरिली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईस महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला, त्याच्या २४व्या कलमात विश्रांती व फुरसत हा माणसाचा हक्क म्हणून नोंदला गेला. आपल्या राज्यघटनेच्या ४३व्या अनुच्छेदानेही कामगारांस पोटापुरते वेतनच नव्हे तर फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळावा, हे राज्याचे धोरण म्हणून सांगितले आहे. ज्या वस्तूसाठी इतकी माणसे झटली, ती आपण लोळून घालवावी हे कोणत्या हिशेबात बसते?

येथे कोणी म्हणेल, ‘सहा दिवस राबलेल्या माणसास सातव्या दिवशी तरी उपदेश नको.’ आक्षेप रास्त आहे. थकलेल्याने खुशाल निजावे. झोप ही उधळपट्टी नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की, रिकामपण आणि मोकळीक या दोन भिन्न वस्तू आहेत. रिकामपणात मन ज्याच्या त्याच्या मागे फरफटते आणि शेवटी अधिकच शिणते; मोकळीकीत ते आपण होऊन कोठे जावयाचे ते ठरविते आणि ताजे होऊन परत येते. व्यापारी वाचकांस ही गोष्ट सांगावयास नको. ते पै-पैची रोजकीर्द लिहितात, खतावणी करितात. मग सकाळच्या चार घटकांची नोंद कोणत्याच वहीत का नसावी?

आता शनिवार पेठेपुरतेच पाहू. या पेठेत राहणाऱ्यास मोकळ्या सकाळी करमणुकीसाठी गाडीत बसून दूर जाण्याचे कारण नाही. उत्तर दिशेस तोंड केलेला शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आपण रोज ओलांडून जातो, पण पाहत नाही. १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, पहिल्या बाजीराव पेशव्यांनी वाड्याचा पाया घातला. २२ जानेवारी १७३२ रोजी, पुन्हा शनिवारीच, वास्तुशांती झाली. खर्च १६,११० रुपये आल्याचे सांगतात. आजच्या बांधकामाचा व्यवहार करणाऱ्यांनी तो आकडा सावकाश वाचावा. दरवाजाच्या फळ्यांवरील अणकुचीदार खिळे शोभेचे नव्हेत. शत्रूच्या हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते ठोकले आहेत. आतील महाल १८२८ च्या आगीत गेले. आज उरला आहे तो तट, दरवाजे आणि जोत्यांचे दगड.

घरातील मुलास सोबत घ्यावे आणि त्यास वाड्याचे पाचही दरवाजे शोधावयास लावावे: दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश व जांभूळ. मात्र त्यास वैभवाचीच कथा सांगून थांबू नये. याच वाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि खुद्द सत्ताधारी चुलत्यास दोषी ठरवून न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे अधिकार सोडून निघून गेले, हेही सांगावे. याच वाड्यावर १७ नोव्हेंबर १८१७ रोजी परक्याचे निशाण चढले, तेही सांगावे. ज्या मुलास आपल्या गल्लीच्या टोकाशी पराक्रम, अपराध, न्याय आणि पारतंत्र्य ही चारही भेटली, त्यास स्वराज्य म्हणजे काय हे वेगळे शिकविण्याचे फारसे श्रम पडत नाहीत.

तेथून नदीकडे वळावे. ओंकारेश्वराचे देवालय अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. १७३९ साली वसई सर करणारे चिमाजी अप्पा १७४० मध्ये वारले, त्यांची समाधी येथेच आहे. भाविकाने दर्शन घ्यावे, भाविक नसेल त्याने दगडी काम पाहावे. पण दोघांनीही मुठेकडे पाठ फिरवून परत येऊ नये. नदी पाहून मन प्रसन्न होत नसेल, तर ते का होत नाही याचा विचार करण्यातही एक सकाळ सार्थकी लागेल. आपल्याच घराचे सांडपाणी व आपणच टाकिलेले निर्माल्य यांचा त्यात वाटा किती, हे पाहिल्यावर नगरपालिकेस दोष देणारी जीभ थोडी नरम पडेल, आणि मग जो दोष द्यावयाचा तो अधिक नेमका देता येईल.

हीच नदी १२ जुलै १९६१ रोजी पेठांत शिरली. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले, आणि शनिवार, नारायण आदी काठच्या पेठांतील संसार पाण्याखाली आले. तो दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. आपल्या आळीत असे एखादे आजोबा, एखाद्या आजी असतील, तर वही घेऊन त्यांच्यापाशी तासभर बसावे. पाणी कोठवर चढले, कोण कोणाच्या माडीवर गेले, दुसऱ्या दिवशी कोणी कोणास जेवू घातले, हे त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे. वृद्धास ऐकणारा मिळतो आणि पेठेस तिचा इतिहास. दोन्हींचा खर्च शून्य.

तिसरे स्थान वाचनालय. १८४८ साली लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांच्या पुढाकाराने पुण्यात सार्वजनिक ग्रंथालय निघाले. तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. त्याच साली बुधवार पेठेतील भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढिली. भिडेवाड्याची जुनी वास्तू २०२३ मध्ये पाडण्यात आली. तथापि त्या वर्षाने या शहरास दिलेले ज्ञानाचे दोन दरवाजे अद्याप उघडे आहेत. ही दोन्ही स्थळे शनिवार पेठेतून पायी सहज गाठता येतात; अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने तर वाटेतच. महिन्याकाठी एक पुस्तक आणावे आणि मोकळ्या सकाळी त्यातील दोन पाने घरात मोठ्याने वाचावी. ज्या घरात चार माणसे चार पडद्यांकडे पाहत बसतात, त्या घरात अर्धा तास एकाच आवाजाकडे चौघांचे कान लागणे ही लहान सुधारणा नव्हे.

येथवर सर्वांस मान्य व्हावे. आता थोडे कडू बोलणे प्राप्त आहे. ही मोकळी सकाळ घरात कोणाची? घरधन्याची सुटी म्हणजे बहुतेक घरांत गृहिणीची दुप्पट कामाची सकाळ असते. पोहे अधिक, चहा अधिक, पाहुणे अधिक, आणि सुटीचे म्हणून जेवणही विशेष! ज्या पुण्यात १८८४ साली मुलींचे हायस्कूल हुजूरपागेत उभे राहिले आणि १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन काढिले, त्या पुण्यातील शिकलेल्या पुरुषास एक दिवस चूल सांभाळता येऊ नये? घरातील स्त्रीस सुटी मिळत नाही तोवर त्या घरास सुटी आहे असे आम्ही समजत नाही. तिने त्या सकाळी काय करावे, हे मात्र आम्ही सांगणार नाही. ते तिचे तिने ठरवावे, यातच सुटीचा अर्थ आहे.

हाच न्याय दुकानास. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान सातही दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली, पण नोकरास आठवड्यातून एक दिवस सुटी दिलीच पाहिजे असेही बजाविले. तो कायदा ठरावीक संख्येहून अधिक नोकर असलेल्या दुकानांस लागू. आमच्या पेठेतील बहुतेक दुकानांत दोन किंवा तीन माणसे. त्यांच्या सुटीचे रक्षण करणारे कलम त्या कायद्यात नाही. तेथे मालकाची सदसद्विवेकबुद्धी हाच कायदा. कायद्याच्या अभ्यासकांस हे सांगताना संकोच वाटतो, पण खरे आहे ते सांगितले पाहिजे: कायद्याची भीती नाही अशा ठिकाणीच माणसाची खरी पत कळते.

सबब आमची सूचना सोपी आहे. मोकळ्या सकाळचे तीन भाग करावे. एक पायांस व डोळ्यांस द्यावा, एक वाचनास वा ऐकण्यास द्यावा, आणि एक दुसऱ्याचे ओझे उचलण्यास द्यावा. मग ते स्वयंपाकघरातील असो की शेजारच्या मुलाच्या अडलेल्या गणिताचे असो. उरलेला वेळ खुशाल झोपेस द्यावा.

आणि व्यापारी बंधूंस एक शेवटची विनंती. येत्या सुटीच्या दिवशी सहकुटुंब वाडा पाहावयास निघण्यापूर्वी, आपल्या गुमास्त्यास त्या आठवड्यात त्याची सकाळ मिळाली की नाही, हे वही उघडून पाहावे. ती त्याच्या खाती येणे असेल, तर आधी ती चुकती करावी.