हालत्या चित्रांच्या साह्याने जलचक्र व भूजल यांचा पाठ

जलचक्राचा पाठ प्राथमिक शाळेत नवा नाही. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, तिचे ढग बनतात, पाऊस पडतो व नद्या समुद्रास मिळतात, हे मुले अस्खलित म्हणून दाखवितात. परंतु "मार्गशीर्षात गावविहिरीत असलेले पाणी वैशाखात कोठे जाते?" असा प्रश्न केला, की वर्ग स्तब्ध होतो. चक्राचा जमिनीखालील भाग डोळ्यांस दिसत नाही, म्हणून तो मनात उतरत नाही. हालत्या चित्रांचा, म्हणजे ज्यांस ॲनिमेशन म्हणतात त्यांचा, खरा उपयोग येथे आहे. तथापि, साधनाचे गुणदोष ओळखूनच ते हाती घ्यावे.

चित्रांतील उणिवा

पहिली उणीव काळाची. चित्रातील थेंब दोन मिनिटांत समुद्रातून निघून समुद्रास मिळतो. प्रत्यक्षात बाष्प हवेत सरासरी नऊ-दहा दिवस राहते, तर भूगर्भात मुरलेले पाणी काही आठवड्यांपासून हजारो वर्षांपर्यंत तेथे राहू शकते. हा फरक शिक्षकांनी तोंडाने सांगितल्यावाचून मुलांस कळावयाचा नाही.

दुसरी उणीव बाष्पाची. चित्रांत ते पांढऱ्या धुरासारखे वर जाताना दाखवितात. वास्तविक बाष्प अदृश्य असते. पाणी उकळल्यावाचून वाफ होत नाही, ही समजूतही अशा चित्रांनी दृढ होते. वाळत घातलेल्या धोतराचे उदाहरण येथे पुरेसे आहे. वनस्पतींच्या पानांवाटे जाणारे बाष्पही पुष्कळदा वगळले जाते. त्याचाही उल्लेख व्हावा.

तिसरी उणीव सर्वांत महत्त्वाची. भूजल दाखविताना जमिनीखाली एक सलग निळा पट्टा रंगविलेला असतो. तो पाहून मुलास वाटते, की पाताळात मोठे तळे आहे. वाळूच्या व गाळाच्या प्रदेशातही पाणी तळ्यासारखे नसून कणांमधील फटींत असते. महाराष्ट्राचा तर सुमारे 80 टक्के भूभाग बेसॉल्ट या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो बनला. अभंग पाषाणात पाणी जवळजवळ शिरत नाही. ते साठते वरच्या मुरमात, झिजलेल्या सच्छिद्र थरात आणि खडकाच्या भेगांत. यामुळेच एका शेतात पाणी लागते व बांधापलीकडे तितक्याच खोलीवर विहीर कोरडी जाते. "विहिरीस झरा फुटला" असे आपण म्हणतो, तो झरा म्हणजे पाणी पाझरणारी अशी भेग होय.

पाठाची मांडणी

चित्र दाखविण्यापूर्वी प्रत्येक मुलाकडून पाटीवर विहिरीचा उभा छेद काढवून घ्यावा व "विहिरीत पाणी कोठून येते ते बाणाने दाखवा" असे सांगावे. या पाट्या पुसू नयेत. त्यांत तळी, भूमिगत नद्या, प्रसंगी नळही आढळतील. मुलांच्या मनात आधीच काय आहे, हे शिक्षकांस त्यावरून कळते.

नंतर चित्र प्रथम आवाज बंद ठेवून दाखवावे व तीन ठिकाणी थांबवावे: पाऊस जमिनीस टेकताच, पाणी मातीत शिरताच आणि विहिरीतून उपसा सुरू होताच. प्रत्येक वेळी "आता काय होईल?" असे विचारून दोन-तीन उत्तरे घ्यावीत व मगच पुढे जावे. बार्बरा ट्वर्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली दाखवून दिले, की हालती चित्रे पुष्कळदा इतकी वेगवान व गुंतागुंतीची असतात, की पाहणाऱ्यास ती नीट ग्रहण करता येत नाहीत. म्हणून थांबविणे हाच अध्यापनाचा गाभा समजावा. अखेर पाट्यांवरील चित्रे मुलांनीच सुधारावीत.

प्रयोगाची जोड

काचेच्या पेल्यात काठोकाठ मुरूम भरावा व मापाने पाणी ओतत जावे. जितके पाणी मावले तितकी मुरमात जागा होती. नंतर ताज्या फोडलेल्या काळ्या दगडावर थेंब टाकावा. तो तसाच राहील. असे दोन दगड एकमेकांस चिकटवून ठेवून फटीवर पाणी ओतावे. ते खाली उतरेल. मुरूम, पाषाण व भेग यांचा भेद एवढ्याने स्पष्ट होतो.

मापनाचे महत्त्वही सांगावे. नद्यांस पुरेल इतके पाणी पावसातून मिळत नसावे, असे युरोपात दीर्घकाळ मानले जाई. पिएर पेरो यांनी सेन नदीच्या उगमाकडील खोऱ्यातील पाऊस मोजून 1674 साली दाखविले, की तो नदीतून वाहणाऱ्या पाण्याच्या सुमारे सहापट आहे.

आपणही मोजावे. दर महिन्याच्या ठराविक दिवशी शिक्षकांनी स्वतः गावविहिरीत वजन बांधलेली दोरी सोडून कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावे. मुलांस कठड्यापासून दूर उभे करावे. प्रत्येक महिन्याचा छेद एकाच मापाच्या कागदावर, एकाच जागी काढावा. वर्षअखेर बारा कागद एकत्र शिवून भरभर उलटले, की आषाढ-श्रावणात चढणारी व चैत्र-वैशाखात खालावणारी पातळी हालताना दिसते. हे आपल्या गावचे चलचित्र होय. त्यास विजेचीही गरज नाही.

हा पाठ केवळ परीक्षेपुरता नाही. आज वर्गात बसलेली मुले उद्या विहिरी खोदतील, विंधनविहिरी घेतील. खाली अथांग तळे आहे असे मानणारा शेतकरी पाणी लागेना म्हणून कर्ज काढून अधिक खोल जातो. भेग लागली नाही, तर पैसा मातीत जातो. लागली, तर तीच भेग शेजाऱ्याच्या विहिरीसही पाणी पुरवीत असण्याचा संभव असतो. साठा मर्यादित आहे, तो सामायिक आहे व पावसाळ्यात जेवढे मुरते त्यावरच पुढील उन्हाळा अवलंबून आहे, एवढे तरी प्रत्येक मुलाने शाळा सोडण्यापूर्वी समजून घेतलेले असावे.