ट्रॅक्टर चालतो, माणूस चालत नाही

ऑक्टोबरात पाऊस उघडला की कबनूरहून रुईकडे जाणाऱ्या, उसातून गेलेल्या रस्त्यावर तारांवर कोतवाल, वेडे राघू, खाटीक असे पक्षी ठाण मांडून बसतात. खालून ट्रॅक्टर धडधडत गेला तरी ढिम्म! पण मोटारसायकल थांबवून कुणी पाय टेकला, की भुर्र. एवढ्या अवाढव्य धुडापेक्षा साडेपाच फुटी माणूस भयंकर कसा?

पक्ष्याचा हिशेब दुकानदारासारखा रोखठोक असतो. उडायला शक्ती लागते, शिवाय टिपायला आलेला किडा हातचा जातो. म्हणून धोका या खर्चापेक्षा मोठा वाटेपर्यंत तो बसून राहतो. वाहनं रोज ठरलेल्या वाटेनं बाजूनं निघून जातात, झडप घालत नाहीत. हळूहळू पक्षी त्यांची दखल घेणं सोडतो. माणूस मात्र थांबतो, रोखून बघतो, सरळ चालून येतो. शिकारी प्राणीही नेमकं हेच करतात.

ही सवय किती बारकाईची असते, ते फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी मोजलं. गाडी किती अंतरावर आली की रस्त्यावरचा पक्षी उडतो? २०१३ साली प्रसिद्ध झालेलं उत्तर गमतीचं होतं. जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर पक्षी लांबूनच उडत, समोरची गाडी प्रत्यक्षात रेंगाळत असली तरी! म्हणजे एकेका गाडीचा नव्हे, त्या रस्त्याचाच वेग त्यांच्या अंगवळणी पडला होता.

पक्षी गाडीला सरावतो, चालत येणाऱ्या माणसाला नाही; मुरलेले पक्षीनिरीक्षक म्हणूनच गाडीतून उतरत नाहीत. इंजिन बंद, काच खाली, दुर्बीण डोळ्याला. उतरावंच लागलं, तर ते तिरके चालतात आणि टक लावून बघणं टाळतात.