गुणोत्तरातील ‘भाग’ आणि अव्यक्त राशी

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत २०११ पासून दुसरी प्रश्नपत्रिका कलचाचणीची असते. तीत दोन तासांत ८० प्रश्न सोडवावयाचे असतात. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्यास दीड मिनिट येते. शेकडा ३३ गुण मिळाल्यावाचून उमेदवारास पुढे जाता येत नाही, आणि उत्तर चुकल्यास त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश वजा होतो. येथील गणित दहावीपर्यंतचेच असते. तथापि गुणोत्तराच्या शाब्दिक उदाहरणात एक चूक अशी होते की, तिचे उत्तर अगदी खरे वाटते. ती चूक कोणती व ती बीजगणिताने कशी टळते, हे एका उदाहरणावरून पाहू.

एका प्रशिक्षणवर्गात पुरुष व स्त्रिया यांचे गुणोत्तर ३ : २ आहे. आणखी ३० स्त्रिया दाखल झाल्यावर ते ६ : ७ होते. तर प्रारंभी स्त्रिया किती होत्या?

घाईत असलेला उमेदवार असा विचार करतो: स्त्रियांचे २ भाग होते, ते ७ झाले, ५ भाग वाढले, ५ भाग म्हणजे ३०, म्हणून एक भाग ६ आणि स्त्रिया १२. उत्तर पूर्णांकात आले, म्हणून शंकाही येत नाही. परंतु ताळा करून पाहावा. स्त्रिया १२ तर पुरुष १८. तीस स्त्रिया वाढल्यावर गुणोत्तर १८ : ४२, म्हणजे ३ : ७ होते, ६ : ७ होत नाही.

चूक कोठे झाली? पुरुषांकडे लक्ष द्यावे. नवा पुरुष एकही आला नाही, तरी त्यांचे ३ भाग ६ झाले. पुरुष वाढले नाहीत. भाग लहान झाला. गुणोत्तरातील अंक प्रत्यक्ष संख्या सांगत नाहीत, केवळ भाग सांगतात, आणि पहिल्या गुणोत्तरातील भाग दुसऱ्यातील भागाइतकाच असेल असे मानण्यास काही आधार नसतो.

म्हणून दोन भागांस दोन अक्षरे द्यावीत. पहिला भाग क्ष व दुसरा य मानू. पुरुषांची संख्या बदलली नाही, म्हणून

३क्ष = ६य

स्त्रियांत ३० ची भर पडली, म्हणून

२क्ष + ३० = ७य

पहिल्या समीकरणावरून क्ष = २य. ही किंमत दुसऱ्यात घातली असता ४य + ३० = ७य, म्हणजे ३य = ३०; य = १० व क्ष = २०. प्रारंभी पुरुष ६० व स्त्रिया ४० होत्या. ताळा: ६० : ७० म्हणजे ६ : ७.

ही रीत ध्यानी आली म्हणजे तोंडी हिशेबही निर्धास्तपणे करता येतो. जी राशी बदलत नाही तिचे अंक दोन्हीकडे सारखे करावेत. ३ : २ म्हणजेच ६ : ४. आता भाग एकाच मापाचे झाले. स्त्रियांचे ४ भाग ७ झाले, ३ भाग म्हणजे ३०, एक भाग १०, आणि स्त्रिया ४०.

प्रत्येक अज्ञात राशीस स्वतंत्र नाव देण्याची ही शिस्त भारतीय गणितात जुनी आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात पहिल्या अव्यक्त राशीस ‘यावत्तावत्’ म्हटले, आणि पुढील राशींस ‘कालक’, ‘नीलक’ अशी रंगांची नावे योजली. दोन भिन्न राशींस एकच नाव दिले तर हिशेब सरळ चालतो, पण उत्तर भलतेच येते.

परीक्षार्थीने तीन गोष्टी पाळाव्यात. कोणती राशी स्थिर आहे ते प्रथम शोधावे. दोन गुणोत्तरांच्या भागांस एकच अक्षर देऊ नये. आणि आलेले उत्तर मूळ वाक्यात घालून पाहावे. ताळ्यास फार तर दहा सेकंद लागतात, आणि चुकीच्या उत्तराचा दंड त्याने टळतो.