महिनाभराचे बहिरेपण

आजचा विषय ज्यांच्या खरा कामाचा, त्यांना हे भाषण कदाचित ऐकूच येणार नाही. ते छापूनही निघते, हे म्हणूनच बरे.

२०२२ च्या पावसाळ्यात मला मोठे पडसे झाले. पडसे गेले, पण दोन्ही कान बंद करून गेले. वर्गात मुले हसली की मला नुसते दात दिसत. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की पडद्यामागे पाणी साठले आहे. आपल्या नाकाच्या मागून कानाच्या आतपर्यंत एक बारीक नळी जाते. तिच्यातून पडद्यामागे हवा पोचते. पडशाने ती नळी सुजून बंद झाली, की आत पाणी धरते आणि पडदा मोकळेपणी हलत नाही. बहुधा हे काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माझे पाच आठवडे गेले.

माझी तक्रार अशी, की घरची माणसे पुटपुटतात. त्यांची तक्रार, की मीच पुटपुटतो! आणि त्यांचे खरे होते. कान असा बुजला की बाहेरचा आवाज कमी येतो, पण स्वतःचा आवाज डोक्याच्या हाडांतून आत पोचतो आणि मोठा वाटतो. म्हणून माणूस नकळत हळू बोलू लागतो.

मग घरात ओरडणे सुरू झाले. थोडे मोठ्याने बोलावे, त्याचा उपयोग होतो. पण ओरडले की नुसता 'आ' आणि 'ओ' वाढतो, 'स', 'त', 'क' बिचारे मागेच राहतात. शिवाय ओरडणारा चेहरा रागावलेला दिसतो. आई माझ्यावर रागावली आहे, असे मी आठ दिवस धरून चाललो होतो. पुढे पुढे तिने हाक मारणेच सोडले. जेवताना सगळे हसत, मी "काय झाले?" विचारी, आणि उत्तर येई, "काही नाही हो, जाऊ द्या." हे 'जाऊ द्या' फार लागते. कान बंद होते त्यापेक्षा मी त्यानेच जास्त एकटा पडलो.

तोड काढली ती तिसरीतल्या मुलीने. तिने आपली पाटी आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. गोष्ट पुरी लिहायची गरज नसते. कशाविषयी बोलणे चालले आहे तेवढा एक शब्द पुरे. 'म्हैस' एवढे लिहिले की पुढचे निम्मे तोंडाकडे पाहून कळते. मात्र ओठांवर फार विसंबू नये. 'प', 'ब', 'म' ओठांवर सारखेच दिसतात. आईने पाट मागितला, मी पाण्याने भरलेला माठ उचलून आणला! अशा वेळी तेच वाक्य पुन्हा न म्हणता "बसायला दे" असे दुसऱ्या शब्दांत सांगावे. समोर येऊन, उजेड आपल्या तोंडावर पडेल असे उभे राहून, एकाने एका वेळी बोलावे. पाठीमागून हात लावू नये, माणूस दचकतो. कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचे आणि दुधाचे काम ऐकू येणाऱ्याकडे द्यावे. सायकल तेवढे दिवस भिंतीला टेकलेली बरी. मागून येणारी मोटार कळत नाही.

लसणीचे गरम तेल कानात घाला, असे पाच-सहा जणांनी सुचवले. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन कान बिघडतो. काडी आणि केसांचा आकडा यांचे तर नाव नको.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एका कानाने एकाएकी, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासे झाले, सोबत कानात गुणगुण किंवा चक्कर असली, तर "पडशाने झाले असेल, जाईल" म्हणून बसू नका. तो आतल्या नसेचा आजार असू शकतो. त्यावरचे औषध पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावे लागते. दोन आठवडे उलटले की आशा बरीच कमी होते. शेतातले काम टाकून त्याच दिवशी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठावेत.

शिक्षकमंडळींना थोडे वेगळे सांगायचे आहे. पडद्यामागे पाणी साठणे मोठ्यांपेक्षा लहान मुलांत पुष्कळ आढळते, कारण त्यांची ती नळी अरुंद आणि आडवी असते. मूल कुठे दुखते म्हणून सांगत नाही, आणि कमी ऐकू येते हे त्याचे त्यालाही उमगत नाही. मग आपण शेरा मारतो, 'लक्ष नसते'. असे मूल पुढे, आपल्याजवळ बसवा, आधी नाव घेऊन मग प्रश्न विचारा, आणि तीन महिन्यांतही फरक पडला नाही तर पालकांना तपासणी करायला सांगा. मी स्वतः वीस वर्षे फळ्याकडे तोंड करून शिकवत आलो. आता आधी लिहितो, मग वळून बोलतो. तास थोडा लांबतो, एवढेच.