भार चाकांवर, पाठीवर नव्हे

पुनर्वसनाच्या इमारतीत घर मिळाले की आनंदाबरोबर एक चिंताही येते. लोखंडी कपाट, दिवाण हलवायचा कसा? घरातले दोघे पुढे होतात, सामान जागेवर लागते, पण एखाद्याची कंबर धरते. हातावर पोट असलेल्या माणसाची कंबर धरली की रोजी बुडते.

आपल्या वाडवडिलांनी गोदीत, बाजारात जन्मभर ओझी वाहिली. श्रमालाही मर्यादा असते, हे बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून ठामपणे मांडले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो आहे. ही मर्यादा घरातही पाळावी. त्यासाठी भंगारातून चाकांचा पाट तयार करता येतो.

जुन्या दाराच्या चौकटीचे ४ इंच रुंद, २ इंच जाड लाकूड घ्यावे. वाळवी लागलेले, चिरलेले नको. जुने खिळे आधी उपटावेत. ३० इंचांचे दोन व १८ इंचांचे दोन तुकडे कापावेत. चारही कोपऱ्यांत अर्ध्या जाडीची खाच पाडून ते एकमेकांत बसवावेत. मध्ये एक आडवे लाकूड द्यावे.

चाके कारखान्यातल्या मोडक्या ट्रॉलीची, ४ इंचांची, चहूकडे फिरणारी शोधावीत. ऑफिसच्या खुर्चीची प्लास्टिकची चाके चालणार नाहीत. येथे हिशेब महत्त्वाचा. फरशी सपाट नसली की एक चाक अधांतरी राहते. म्हणून वजनाला चारने नव्हे, तीनने भागावे. २४० किलोसाठी प्रत्येक चाक ८० किलो पेलणारे हवे.

चाके खिळ्यांनी ठोकू नयेत. कोपऱ्याच्या जोडातून आरपार बोल्ट घालून वायसरसह नट आवळावेत, म्हणजे जोडही पक्का होतो. बोल्टची डोकी लाकडात बुडवावीत. वर सायकलची जुनी ट्यूब कापून लावली की सामान घसरत नाही.

कपाट आधी रिकामे करावे, दारे दोरीने बांधावीत. दोघांनी ते किंचित कलते करावे, तिसऱ्याने पाट खाली सरकवावा. उतारावर खालच्या बाजूला कोणी उभे राहू नये. जिन्यावर पाट वापरू नये. मुलांना त्यावर बसू देऊ नये.

असा एक पाट विहारात ठेवावा. नेणाऱ्याने वहीत नाव लिहावे, काम झाल्यावर परत आणावा. एका पाटाने वस्तीतल्या कितीतरी पाठी वाचतील.