आखूड ऋतू आणि करडईचे फूल

वर्षायू फुलझाडाला आपले सारे आयुष्य एकाच ऋतूत आटोपावे लागते. तो ऋतू आखूड असला, की पेरणीच्या दिवसाला असाधारण महत्त्व येते. थंड देशांत वसंतातील अखेरचे व शरदातील पहिले तुहिन, म्हणजे गोठलेले दव, यांच्यामधले दिवसच काय ते हाती असतात. कॅनडाच्या प्रेअरी प्रदेशात ते पुष्कळ ठिकाणी जेमतेम शंभर ते सव्वाशे भरतात. म्हणून अॅस्टर, झिनिया यांची रोपे तेथे सहा ते आठ आठवडे आधी काचेखाली वाढवून मग उघड्यावर लावतात. करडईला मात्र ही युक्ती मानवत नाही. तिचे सोटमूळ आरंभापासूनच खोल जाते. ती जागच्या जागीच पेरावी लागते. जमिनीलगत पानांचा गुच्छ असेपर्यंत ती शून्याखालील काही अंश थंडी सोसते. खोड वर निघाल्यावर ही सोशिकता उरत नाही. उरला उपाय एकच : लवकर पिकणारे वाण. अल्बर्टातील लेथब्रिज येथे 1980 नंतरच्या दशकात सिद्ध झालेले ‘सॅफायर’ हे वाण अशाच गरजेतून आले.

फलटणची अडचण नेमकी उलटी आहे. पर्जन्यछायेतील या भागात आखूड असतो तो हिवाळा. सप्टेंबरअखेरीस अथवा ऑक्टोबरच्या आरंभी जमिनीत मुरलेल्या ओलीवर पेरणी व्हावयाची. फार लवकर पेरावे तर परतीच्या पावसात पानांवर ठिपक्यांचा रोग पडतो; उशीर झाला तर माव्याचा उपद्रव वाढतो, ओल सरते आणि दाणा भरण्याच्या वेळी ऊन तापू लागते. कोरडवाहू शेतकऱ्याला या पंधरवड्याची चूक पुढे भरून काढता येत नाही.

करडईकडे केवळ गळिताचे धान्य म्हणून पाहण्याची आपली सवय तितकीशी योग्य नव्हे. पिवळ्या पाकळ्या सुकता सुकता लाल होतात. त्यांतील पिवळा रंग पाण्यात विरघळतो. तो धुऊन काढल्यावर राहिलेला लाल रंग, कार्थामिन, रंगारी क्षाराच्या द्रावणात उतरवीत. फलधारणेनंतर पाकळ्या खुडल्या, तर बियांचे फारसे नुकसान होत नाही. आड येत ते काटे. फलटण येथे 1968 मध्ये स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी-6’ हे बिनकाट्याचे वाण व पुढे बिनकाट्याचा संकरही काढला, त्यामुळे पाकळ्यांची खुडणी सुसह्य झाली. काटेरी करडईची काढणी मात्र आजही भल्या पहाटे, दवाने काटे नरम असतानाच उरकावी लागते.